गाडी कुठं ओढत नाही?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर–गगनबावडा रस्त्याचा वेग ट्रॅक्टर ठरवतात. कुडित्र्याच्या कारखान्याकडे निघालेला एकेक ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉल्यांच्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेली मोळ्यांची टोकं. त्यांच्या मागे मी, तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी पस्तीसने. समोर मोकळा सरळ रस्ता दिसतो. आरसा बघते, इंडिकेटर देते, पाय दाबते. आणि गाडी एक श्वास घेण्याइतका वेळ काहीच करत नाही. मग झोपेतून दचकून उठावं तशी उसळते. तोवर समोरच्या वळणावर एसटी आलेली असते आणि मला परत ट्रॉलीच्या मागे जावं लागतं.

या एका क्षणापायी मी माझ्या गाडीच्या इंजिनाच्या मागे लागले.

गाडी म्हणजे पोलो. २०२१ ची, १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. तीन सिलिंडर, ९९९ सीसी, टर्बो, ११० पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. चाकणच्या कारखान्यातून बारा वर्षं पोलो बाहेर पडत होती, २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्यासारखी आटोपशीर, वळणात पाय रोवून उभी राहणारी दुसरी छोटी गाडी माझ्या खिशाला परवडेल अशी मला दिसत नाही. त्यामुळे ही विकून दुसरी घ्यायची हा विचार मनात आलाच नाही. हीच ठेवायची, पुढची दहा वर्षं ठेवायची, आणि जिथे ती कमी पडते तिथे तिला मदत करायची, असं ठरवलं.

अण्णांना सांगितलं. माझ्या वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून नीट गोल करून द्यायचं, दुकान होतं. शेतीपंपाची डिझेल इंजिनं, जीप, मॅटाडोर, ट्रॅक्टर, सगळ्यांचे ब्लॉक आमच्याकडे यायचे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. अण्णा डायल गेज सिलिंडरमध्ये सोडायचे, वरून खाली, मग नव्वद अंशात फिरवून परत वरून खाली, आणि काट्याकडे बघत खडूने ब्लॉकवरच आकडे लिहायचे. मग ओव्हरसाइज पिस्टन कितीचा घ्यायचा ते सांगायचे. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, 'अण्णा, गाडीत दम न्हाई,' की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: 'कुठं ओढत न्हाई?'

चढाला की सपाटीला? थंड असताना की तापल्यावर? रिकामी असताना की भरल्यावर? सुरुवातीला अडखळते की वर जाऊन मरते? प्रत्येक उत्तराचा रोग वेगळा. तापल्यावर चढाला मरत असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह, वर जाऊन गुदमरत असेल तर फिल्टर किंवा काजळीने बुजलेला सायलेन्सर, सुटताना अडखळत असेल तर टायमिंग. या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय त्यांनी कधी पाना हातात घेतला नाही.

मलाही त्यांनी तेच विचारलं. मी म्हणाले, 'पस्तीसच्या वेगाला, तिसऱ्यात.'

'मग दुसरा टाक की.'

उत्तर बरोबर होतं. ते का बरोबर होतं हे मला कळायला पुढची दोन वर्षं जावी लागली, म्हणून ते नीट लिहिते. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि त्याचं चाक फिरतं ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर. माझ्या गाडीत पस्तीसला तिसऱ्यात इंजिन चौदाशे आरपीएमच्या आसपास असतं. एवढ्याशा फेऱ्यांत एक लिटरच्या इंजिनातून बाहेर पडणारा वायू टर्बोला जोरात फिरवायला पुरत नाही. कंपनीही १७५ चा टॉर्क १७५० आरपीएमपासून पुढेच कबूल करते. त्याखाली ही गाडी म्हणजे साधं, टर्बोविना एक लिटरचं इंजिन. दुसरा गिअर टाकला की त्याच वेगाला इंजिन एकवीसशेवर जातं आणि टर्बो जागाच असतो. रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलली, की लॅग, म्हणजे टर्बो जागा होईपर्यंतचा हा उशीर, जातो, असं सर्रास सांगितलं जातं. ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद तिखट करता येतो आणि त्यामुळे फरक पडल्यासारखं वाटतं, पण वायूच नसेल तर कुठलीही फाइल तो आणणार कुठून?

मला मात्र तेव्हा फाइलच हवी होती.

त्याआधी मामेभावाच्या स्विफ्टची गोष्ट सांगायला हवी, कारण टर्बोच्या आणि बिनटर्बोच्या इंजिनात खर्चाचा हिशेब किती उलटा असतो ते मी तिथे पाहिलं. त्याची १.२ पेट्रोल. त्याने कोन फिल्टर बसवला, सायलेन्सर पुढून मागेपर्यंत बदलून जाड पाइपचा फ्री-फ्लो केला, वर रिमॅप. आवाज भारदस्त झाला. पण शहरात, खालच्या आरपीएमला गाडी पहिल्यापेक्षा मंद झाली, आणि हे त्यालाही जाणवत होतं. कारण साधं आहे. बिनटर्बोचं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं. पाइप गरजेपेक्षा जाड झाला की कमी फेऱ्यांवर बाहेर जाणाऱ्या वायूचा वेग पडतो, आणि त्या वेगामुळे पुढची हवा आत ओढली जायला जी मदत मिळत होती ती जाते. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा घेतो. तापलेली हवा विरळ, म्हणजे सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी. अशा इंजिनात नुसत्या मॅपने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पीएस वाढतात. खरी ताकद हवी असेल तर कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन, हेडचं काम, म्हणजे अण्णांच्या दुकानातलं काम करावं लागतं, आणि रोजच्या गाडीसाठी ते परवडत नाही. मी भावाला सांगितलं, जुना एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, परत बसव, त्याला थंड हवेची वाट कंपनीने विचार करून दिलेली आहे. त्याने बसवला आणि पहिल्याच दिवशी फोन केला.

छोट्या गाड्यांची ताकद वाढवण्याचा हा धंदाच एका सायलेन्सरवाल्याने मोठा केला. कार्लो आबार्थने १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली, आणि छोट्या फियाटना लावायचे सायलेन्सर आणि ताकद वाढवायची किट विकून तिच्या बोधचिन्हातला विंचू जगभर ओळखीचा झाला. तो विंचू पुढे आमच्या पुणे जिल्ह्यातही आला: २०१५ मध्ये रांजणगावात बनलेली आबार्थ पुंटो, १.४ टर्बो, १४५ बीएचपी. आबार्थच्या काळातल्या त्या छोट्या इंजिनांना श्वास मोकळा करून दिला की लगेच फळ मिळायचं. आजच्या माझ्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, टर्बोला लागून धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तिथे मिळवायचं म्हणजे कॅट काढायचा. ते मी करणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. माझ्या मागून स्कूटरवर एखादी आई मुलाला घेऊन येत असते. तिच्या नाकातोंडात माझ्या हौसेचा धूर जाता कामा नये.

तर पुण्यात एका ट्यूनरकडे गेले. नाव लिहीत नाही. त्याने स्टेअरिंगखालच्या पोर्टला वायर जोडली, लॅपटॉपवर तयार फाइल होती ती चढवली, चहा संपायच्या आत काम झालं. १४० पीएस, २३० न्यूटन मीटर. मी काही विचारलं नाही, त्यानेही विचारलं नाही. महामार्गाला लागल्यावर खरोखर अंगावर काटा आला, इतकी गाडी पळाली.

खंबाटकीच्या चढाला, चौथ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबलेला असताना आरपीएमचा काटा बावीसशेवरून अठ्ठावीसशेवर सरकला. वेग तेवढाच राहिला. मी पाय सोडला, परत दाबला, परत तेच. घाट संपता संपता आत वास आला. हा वास मला लहानपणापासून माहीत आहे. ओव्हरलोड मॅटाडोर चढावर थांबून परत सुटली की यायचा तो, जळक्या क्लचचा.

घरी आल्यावर अण्णा फाटकाशीच थांबले. त्यांनाही वास आला होता. 'काय केलंस?' एवढंच विचारलं.

कोल्हापुरात परत स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ, फाइल टाकली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट नवीन. आणि मग, जे आधी करायला हवं होतं ते केलं. अभ्यास.

माझ्या गिअरबॉक्सचं नाव एमक्यू २००. त्यातला २०० हा आकडा उगाच नाही, दोनशे न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी ती पेटी बनवलेली आहे. मी तिच्यात २३० घातले होते, तेही दोन हजार आरपीएमला, म्हणजे टर्बोचा दाब जिथे एकदम उसळतो तिथे. एवढ्या कमी फेऱ्यांवर एवढा टॉर्क म्हणजे प्रत्येक स्फोटाचा धक्का पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच, गिअरचे दाते यांच्यावर पूर्ण वजनाने. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांचा एक वाईट रोगही इथेच असतो: कमी फेऱ्या, जास्त दाब, आणि प्लगची ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण कुठल्या तरी तापलेल्या बिंदूवरून पेटतं. असा एखादा स्फोट पिस्टनची रिंग-पट्टी मोडू शकतो.

अण्णांनी त्या रात्री आरएक्स १०० ची आठवण काढली. १९८५ ला ती गाडी आली आणि पोरं वेडी झाली. हेड फेसिंग करून कॉम्प्रेशन वाढवा, पोर्ट कानशीने मोठे करा, असं म्हणत दुकानात रांग लागायची. सुरुवातीला अण्णांनी केलीही. काही महिन्यांनी त्यातले काही पिस्टन टाळूला भोक पडून परत आले. त्यानंतर फेसिंग करायच्या आधी ते विचारायचे, कार्ब्युरेटरचा जेट कोणता आहे आणि रोज किती लांब पळवणार. पोरांना हे प्रश्न आवडायचे नाहीत.

दुसरा ट्यूनर मी त्याच्या प्रश्नांवरून निवडला. त्याने फोनवर विचारलं: क्लच कधीचा, पेट्रोल कुठलं भरता, घाट किती, एप्रिल-मे मध्ये गाडी चालते का, आत्ताच्या फाइलवरचे लॉग आहेत का. लॉग म्हणजे गाडी पळत असताना इंजिनाचा संगणक काय काय बघतो आणि काय करतो याची सेकंदाच्या तुकड्यांतली नोंद. मी स्टॉक गाडीचे लॉग काढून पाठवले. तो ते वाचून म्हणाला, 'ताई, तिसऱ्या सिलिंडरला नॉक येतोय, टायमिंग मागं ओढतंय. आधी प्लग काढून बघा. मॅप नंतर.' नॉक म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप, धक्क्याने पेटणं; तो टाळायला संगणक ठिणगी उशिरा पाडतो.

प्लग काढले. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले, भिंग घेतलं, एकेक प्लग उन्हात धरला. जुन्या इंजिनांत ते प्लगच्या रंगावरून सगळं सांगायचे. बिस्किटासारखा रंग म्हणजे मिश्रण ठीक, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय, काळा म्हणजे जास्त. या प्लगची टोकं सुईसारखी बारीक, इरिडियमची. पहिले दोन करडे, थोडी काजळी, डायरेक्ट इंजेक्शनला साजेशी. तिसऱ्याच्या चिनी मातीवर मात्र मिरीच्या पुडीसारखे बारीक काळे ठिपके होते. अण्णांनी तो प्लग माझ्या हातात देऊन बोटाने ठिपका दाखवला. 'ह्यो मार खाल्लेला हाय.' संगणकाच्या आलेखात जी सहा अंशांची माघार होती, तिचीच खूण त्या ठिपक्यांत दिसत होती. दोन वेगळ्या काळांतल्या माणसांनी एकाच सिलिंडरवर बोट ठेवलं, याचा मला फार आनंद झाला.

प्लग बदलले, एक पायरी थंड उष्णता-श्रेणीचे घेतले. नॉक गेला. स्टॉक फाइलवरच गाडी आधीपेक्षा बरी ओढू लागली.

मॅप करताना मी एक आकडेमोड समोर ठेवली. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, म्हणजे पीएस. कंपनीचा टॉर्क चार हजारपर्यंत १७५ वर सपाट असतो आणि पुढे उतरतो. पाच हजारला ११० पीएस म्हणजे तिथे तो १५४ वर आलेला. आता टॉर्क दोनशेच ठेवला, पण तो साडेचार हजारपर्यंत उतरू दिला नाही, तर २०० × ४५०० ÷ ७०२३, म्हणजे १२८ पीएस होतात. गिअरबॉक्सची मर्यादा न ओलांडता अठरा पीएस मिळतात, आणि तेही वरच्या फेऱ्यांवर, जिथे एकेका स्फोटाचा भार कमी असतो. याच कुळातल्या एक लिटर इंजिनातून कंपनीने युरोपातल्या अप जीटीआय या छोट्या गाडीमध्ये स्वतः २०० न्यूटन मीटर दिलेले आहेत, हे वाचून धीर आला. आमची फाइल अशी ठरली: अडीच हजारपर्यंत १८५, पुढे दोनशे, साडेचार हजारपर्यंत सपाट. ट्यूनरचं म्हणणं होतं, हा आकडा मित्रांना सांगायला कमी वाटेल. मला चालणार होतं.

पेट्रोलचा मुद्दा इकडच्या माणसाने जास्त बारकाईने बघायला हवा. ज्या उसाच्या ट्रॉल्या मी ओलांडते, त्याच उसाचं इथेनॉल होऊन माझ्या टाकीत येतं. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ वरून ९५ वर गेला आहे, म्हणजे नॉकच्या दृष्टीने ते चांगलंच. इथेनॉलचं बाष्प होताना सिलिंडरमधली हवा थंडही होते. पण त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणून तेवढीच हवा जाळायला जास्त इंधन फवारावं लागतं, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आठ-नऊ टक्के. इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंपाकडे जी शिल्लक असते, तिचा एक भाग ई-२० आधीच खातं, आणि ताकद वाढवायची तर उरलेली शिल्लक त्यातूनच घ्यायची. कोणी २०१९ साली दुसऱ्या देशातल्या पेट्रोलवर बनवलेली फाइल २०२५ नंतर कोल्हापुरात टाकत असेल, तर त्याने हा हिशेब मांडला आहे का, हे विचारायलाच हवं. आम्ही फाइल टाकल्यावर तीन वेगवेगळ्या पंपांवर टाकी भरून लॉग काढले, तेव्हा कुठे ट्यूनरने काम संपलं म्हटलं.

ब्रेककडे त्याच महिन्यात लक्ष दिलं. १९६१ मध्ये जॉन कूपरच्या नावाची पहिली मिनी आली, तेव्हा इंजिन ८४८ वरून ९९७ सीसीवर आणि ताकद ३४ वरून ५५ बीएचपीवर नेताना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले होते. त्याच गाडीच्या जास्त ताकदीच्या बहिणीने, कूपर एसने, १९६४ ला माँटे कार्लो रॅली जिंकली. मोठमोठ्या गाड्यांना ती घाटात मागे टाकू शकली, कारण तिला वळणाच्या तोंडाशी थांबताही येत होतं. माझ्या पोलोला मागे ड्रमच आहेत. ते तसेच ठेवले. पुढे चांगले पॅड आणि नवीन ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, करूळ घाट उतरताना तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी ते बदलायचंच, रिमॅप असो वा नसो. इंजिन ऑइल आता साडेसात हजार किलोमीटरला बदलते.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचे तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असा बदल मालकाने करू नये, आणि २०१९ नंतर कलम १८२-ए नुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. विमा कंपनीला मी लेखी कळवलं. या साऱ्याची जबाबदारी माझी आहे, आणि हे वाचून कोणाला स्टॉक गाडीच बरी वाटली तर ती खरोखर चांगली गाडी आहे.

या हंगामात अण्णांना घेऊन वैभववाडीला गेले. जाताना कुडित्र्याजवळ नेहमीचा ट्रॅक्टर, नेहमीच्या दोन ट्रॉल्या. दुसरा गिअर टाकला. एकवीसशेला गाडीने पकडलं, पाच हजारला तिसरा, आणि दोन्ही ट्रॉल्या आरशात मागे गेल्या. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त वरच्या हँडलवरचा हात खाली घेतला.

परतीला दुपारी करूळ घाट चढून आलो. तिसरा, दुसरा, परत तिसरा, उन्हाचा कडाका, पाय जिथे लागेल तिथे पूर्ण. गगनबावड्यात टपरीसमोर गाडी लावली. रेडिएटरचा पंखा फिरत होता. अण्णा उतरले, बॉनेट उघडायला सांगितलं. पाण्याची पातळी बघितली, मग वाकून गिअरबॉक्सच्या बाजूला नाक नेलं आणि तसेच थोडा वेळ थांबले.

'क्लचचा वास न्हाई,' म्हणाले, आणि चहा सांगायला गेले.